कोशकार मोल्सवर्थ

इंग्रजांनीं १६१३ सालीं सुरतेस आपली फॅक्टरी स्थापन केली, अशा अर्थाचें वाक्य इंग्रजी इतिहासांत तुम्हीं वाचलेंच असेल. त्याचें मराठींत भाषांतर करावयास सांगितलें असतां बहुतेक मुलें फॅक्टरी म्हणजे कारखाना असें लिहून मोकळीं होतात. मग त्यांच्या मनःचक्षूंपुढें धुराडीं व यंत्रें उभीं राहतात. वास्तविक त्या काळीं सुरतेस ना धुराडें होतें, ना यंत्र. फॅक्टर म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें देवघेव करणारा व्यापारी गुमास्ता, आणि त्याच्या राहण्याची व माल सांठविण्याची जी जागा ती फॅक्टरी. आपल्या पूर्वजांनीं तिला वखार हें अगदीं नेमकें नांव दिलें होतें. पुढें काय झालें पाहा. इंग्रजी फॅक्टरी कारखान्यांत जाऊन बसली, आणि मराठी वखारींत लांकूड व कोळसा तेवढा उरला. एकाच वस्तूचीं दोन नांवें दोन वाटांनीं निघून गेलीं.

रायटर ह्या शब्दाचीही तीच कथा. आज त्याचा अर्थ ग्रंथकार असा आपण करतों. परंतु कंपनी सरकारच्या चाकरींत रायटर म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा कारकून असे, आणि कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगला नांव मिळालें तें ह्या कारकुनांवरून, ग्रंथकारांवरून नव्हे. सारांश, शब्द आहे तसाच दिसतो, पण त्याच्या आंतला अर्थ निघून जाऊन दुसरा येऊन राहतो. घराची पाटी तीच, राहणारा निराळा! म्हणून ज्या काळीं जो अर्थ होता तो त्याच काळीं कोणी तरी लिहून ठेवणें अवश्य असतें. आपल्या मराठी भाषेपुरतें हें काम ज्यानें आयुष्य वेंचून केलें, त्या जेम्स थॉमस मोल्सवर्थ ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मोल्सवर्थ ह्यांचा जन्म १७९५ सालीं झाला. वयाचीं सतरा वर्षें पूर्ण होण्याच्या सुमारास, १८१२ मध्यें, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांत एन्साइन म्हणून हिंदुस्थानांत आले. एन्साइन हा शब्दही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. त्याचा मूळ अर्थ निशाण. मग निशाण धरणारा जो तरुण अधिकारी त्यासही तेंच नांव पडलें. लोकांच्या तोंडीं ह्या शब्दाचा अपभ्रंश होऊन तो एन्शंट असा झाला. म्हणून शेक्सपीयरच्या ऑथेल्लो नाटकांत इयागो हा ऑथेल्लोचा एन्शंट आहे असें जेथें येतें, तेथें इयागो म्हातारा होता असें समजावयाचें नाहीं. तो सेनापतीच्या हाताखालचा निशाणाचा अधिकारी होता. इंग्रज पायदळांतील ही एन्साइनची पायरी १८७१ सालीं मोडण्यांत आली, आणि त्याच वर्षीं आमचे चरित्रनायकही मरण पावले.

इकडे आल्यावर मोल्सवर्थ ह्यांनीं मराठी व हिंदुस्थानी ह्या दोन भाषांचा अभ्यास केला. त्या वेळच्या पुष्कळ गोऱ्या अधिकाऱ्यांस चाकरांवर हुकूम सोडण्यापुरती भाषा आली म्हणजे बस्स होई. ह्या तरुणास तेवढ्यानें समाधान नव्हतें. कानीं पडलेला शब्द कोणत्या प्रसंगीं, कोणाच्या तोंडून, कोणत्या भावानें आला, हें टिपून ठेवण्याची त्यांस गोडी लागली. काळही त्या कामास अनुकूल येत गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनीं इंग्रजांशीं जो तह केला तो आपल्या ह्या वसईस. इंग्रजी ग्रंथांत तो बॅसीनचा तह म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तें बॅसीन म्हणजे दूरदेशींचें एखादें शहर असावें असें समजणारे विद्यार्थी खुद्द वसईंतही आढळतात! त्या तहानें पेशवाईच्या स्वातंत्र्याचा पाया खचला, व १८१८ सालीं ती लयास गेली. देश इंग्रजांच्या हातीं आला. पण देशाचीं दप्तरें, कज्जे, करार व अर्ज हे सारे मराठींत. रयतेच्या अर्जांतला शब्द न समजतां त्यावर निकाल देणें म्हणजे आंधळ्यानें वाट दाखविणें. तेव्हां विश्वसनीय कोशाची निकड सर्वांस भासूं लागली.

मराठीचा कोश तोंपर्यंत अगदींच झाला नव्हता असें नाहीं. दूर बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम केरी ह्यांनीं १८१० सालीं मोडी लिपींत एक कोश छापला होता, आणि १८२४ सालीं मुंबईस व्हॅन्स केनेडी ह्यांचा कोश निघाला. परंतु हे कोश लहान होते. व्यवहाराच्या विस्तीर्ण रानांत ते पुरेसे पडत नसत. मोल्सवर्थ ह्यांनीं मोठ्या कोशाची योजना सरकारापुढें मांडली. त्या वेळीं माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते. योजना मान्य होऊन १८२५ च्या सुमारास मुंबईंत कामास आरंभ झाला. जॉर्ज कँडी व थॉमस कँडी हे जुळे बंधु, दोघेही लष्करी अधिकारी, मोल्सवर्थ ह्यांस साह्यकारी मिळाले.

पण खरें साह्य आणखी एका मंडळीचें होतें, व तिचीं नांवें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल व परशुरामपंत गोडबोले हे विद्वान ह्या कामीं झटत होते. शब्द त्यांनीं आणावे, अर्थ सांगावे, एकानें सांगितलेला अर्थ दुसऱ्यानें तपासावा, आणि मग साहेबांनीं त्यास इंग्रजी प्रतिशब्द शोधावा, असा हा उद्योग वर्षानुवर्षें चालला. ह्याच परिश्रमांतून महाराष्ट्र भाषेचा कोश हा मराठीचा मराठींत अर्थ देणारा ग्रंथ १८२९ पासून बाहेर पडूं लागला, आणि १८३१ सालीं मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें चाळीस हजार शब्द होते. शास्त्रीमंडळींच्या सहवासानें साहेबांचें मराठी इतकें मुरलें कीं लोक त्यांस कौतुकानें मोलेसरशास्त्री म्हणूं लागले.

ह्या कोशाचा मोठा गुण असा कीं त्यांत भाषेची निवडानिवड सोंवळेपणानें केलेली नाहीं. संस्कृत पोथींतला शब्द जसा आहे तसाच नांगराचा, मोटेचा, जात्याचा, चुलीचा व बाजाराचाही आहे. म्हणी आहेत, वाक्प्रचार आहेत, भांडणांतले उद्गार आहेत, ग्राम्य म्हणून नाकें मुरडावीत असेही शब्द आहेत. शब्द संस्कृतांतून आला, फारशींतून आला कीं अरबींतून आला, ह्याची खूण त्यापुढें केलेली असते. कोणत्या नामाशीं कोणतें क्रियापद जोडावें हें देखील दाखविलेलें असते, आणि परक्यास भाषा शिकतांना खरी अडचण तेथेंच येते. कोशकारानें न्यायाधीशाच्या आसनावर बसून शब्दांस शिक्षा देऊं नये. साक्षीदाराप्रमाणें जें ऐकिलें तें सांगावें, हा धडा ह्या ग्रंथानें आपणांस दिला. आणि शिक्षा हा शब्द आम्हीं आत्तांच वापरला तोही पाहा: संस्कृतांत शिक्षा म्हणजे शिकवण, आपल्या मराठींत ती झाली दंड. ह्या एका शब्दांत जुन्या पंतोजींच्या शाळेचा अर्धा इतिहास आला असें कोणी म्हटल्यास आम्ही हरकत घेणार नाहीं.

आतां मोल्सवर्थ ह्यांच्या आयुष्यांतील ज्या गोष्टीमुळें त्यांचें नांव केवळ विद्वत्तेसाठींच नव्हे तर शीलासाठींही घ्यावें लागतें, ती सांगतों. ते मोठे धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. जो प्रभु ख्रिस्ताचा अनुयायी म्हणवितो त्यानें शस्त्र धरून पोट भरावें काय, हा प्रश्न त्यांच्या मनांत घोळूं लागला. त्याचें उत्तर त्यांस नकारार्थी मिळालें, आणि त्यांनीं सैन्यांतील जागेचा राजीनामा दिला. इतकें पुष्कळ लोक करतील. मोल्सवर्थ ह्यांनीं त्यापुढचें पाऊल टाकलें: लष्करी चाकरीबद्दल मिळणारें पेन्शनही त्यांनीं नाकारलें. जें काम करणें योग्य नव्हे असें आपणांस वाटतें, त्या कामाचा मोबदला घरीं बसून घेणें कसें योग्य होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांचें मत सर्वांस पटेलच असें नाहीं. ख्रिस्ती मंडळींतही त्यावर दोन पक्ष पूर्वीपासून आहेत. पण मतासाठीं स्वतःच्या ताटांतला घांस बाजूस सारणारा मनुष्य विरळा, हें दोन्ही पक्ष कबूल करतील.

ह्या संबंधांत इंग्रजीच्या एका थोर कोशकाराची आठवण होते. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन ह्यांचा इंग्रजी कोश १७५५ सालीं निघाला. त्यांत पेन्शन ह्या शब्दाचा अर्थ देतांना, देशाशीं बेइमानी करण्यासाठीं सरकारच्या भाडोत्री माणसास मिळणारा पैसा असा कांहींसा टोमणा त्यांनीं मारला होता. पुढें १७६२ सालीं राजे तिसरे जॉर्ज ह्यांच्याकडून वर्षास तीनशें पौंडांचें पेन्शन खुद्द जॉन्सनसाहेबांसच देऊं करण्यांत आलें, आणि थोडी चौकशी करून त्यांनीं तें घेतलें. लोक हंसले. जॉन्सन दरिद्री होते, त्यांनीं वाङ्मयाची अपार सेवा केली होती, आणि ह्या पैशांतून त्यांनीं अनेक निराश्रितांस आपल्या घरीं पोसलें. म्हणून आम्ही त्यांस नांवें ठेवीत नाहीं. परंतु एका कोशकारानें शब्दाची थट्टा करून वस्तु स्वीकारली, आणि दुसऱ्यानें शब्दाची थट्टा न करतां वस्तु नाकारली, हा भेद मनांत भरल्यावांचून राहत नाहीं.

मराठी-इंग्रजी कोश झाल्यावर लगेच इंग्रजी-मराठी कोशाचें काम मोल्सवर्थ ह्यांनीं हातीं घेतलें. पण अनेक वर्षांच्या अतिश्रमानें प्रकृति ढांसळली होती. काम अर्ध्यावर टाकून १८३६ च्या सुमारास त्यांस स्वदेशीं परत जावें लागलें. तें अपुरें काम थॉमस कँडी ह्यांनीं चिकाटीनें पुरें केलें, व तो कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. हे कँडीसाहेब पुढें पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख व सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. मराठी लिहितांना आपण जीं स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह इत्यादि चिन्हें वापरतों, त्यांची ओळख करून देणारें पुस्तक त्यांनींच १८५० सालीं लिहिलें. परीक्षेंत विरामचिन्हांचे गुण गमावणाऱ्या विद्यार्थ्यांनीं कँडीसाहेबांवर रागावूं नये, एवढीच आमची विनंति आहे.

मोल्सवर्थ स्वदेशीं गेले तेव्हां त्यांचें कार्य संपलें असें कोणासही वाटलें असतें. परंतु १८५१ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, ते पुनः ह्या देशीं आले. पहिला कोश सरकारनें छापला होता, त्याची वाहवा झाली होती, नांव झालें होतें. असें असतां प्रकृति पणाला लावून परत येण्याचें कारण इतकेंच कीं ग्रंथ आपल्या मनासारखा व्हावा. त्यांनीं प्रत्येक शब्द पुनः तपासला, अर्थ अधिक नेमके केले, हजारों नवे शब्द घातले. डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनीं मराठी भाषेच्या घटकांविषयीं एक विस्तृत प्रस्तावना लिहून दिली. अशी ही दुसरी आवृत्ति १८५७ सालीं मुंबईस बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांत छापून निघाली. नऊशेंहून अधिक मोठीं पृष्ठें व सुमारें साठ हजार शब्द असा तिचा विस्तार आहे. ज्या वर्षीं उत्तर हिंदुस्थानांत तोफा धडाडत होत्या, त्याच वर्षीं शस्त्र खालीं ठेवलेल्या ह्या माणसाचा शब्दसंग्रह लोकांच्या हातीं पडला.

ह्या कोशाकडे आज पाहतां एक नवल दिसतें. मराठी समजावी म्हणून त्यांनीं जी इंग्रजी लिहिली, ती इंग्रजीच आतां जुनी झाली आहे. मिठाईच्या अनेक शब्दांपुढें स्वीटमीट हा शब्द येतो, आणि आजचा विद्यार्थी त्यांत मांस शोधूं लागतो. मीट ह्याचा जुना अर्थ कोणतेंही अन्न असा होता. तो मूळ शब्दांतून गेला, पण स्वीटमीटमध्यें दडून राहिला. मोल्सवर्थ ज्या इंग्रजी पवित्र शास्त्रावर वाढले तें १६११ सालचें भाषांतर अशा शब्दांनीं भरलेलें आहे. त्यांत प्रिव्हेंट म्हणजे अडविणें नव्हे तर पुढें जाणें. लेट म्हणजे करूं देणें नव्हे तर नेमकें उलट, आडकाठी करणें. कॉन्व्हर्सेशन म्हणजे संभाषण नव्हे तर आचरण. सफर म्हणजे सोसणें नव्हे तर पुष्कळ ठिकाणीं परवानगी देणें. आणि क्विक म्हणजे चपळ नव्हे तर जिवंत. थेस्सलनीकाकरांस पाठविलेल्या पत्रांतील प्रिव्हेंट, रोमकरांस पाठविलेल्या पत्रांतील लेट व फिलिप्पैकरांस पाठविलेल्या पत्रांतील कॉन्व्हर्सेशन हे शब्द वाचकांची दिशाभूल करूं लागले, तेव्हां १८८१ च्या सुधारलेल्या भाषांतरांत ते बदलावे लागले.

तथापि जुने अर्थ अगदीं मेले नाहींत. कोनाकोपऱ्यांत ते धुगधुगी धरून आहेत. पाऱ्यास इंग्रजींत क्विकसिल्व्हर म्हणतात तें तो जिवंत रुप्यासारखा पळतो म्हणून. नखाखालच्या जिवंत मांसास आजही क्विक हेंच नांव आहे. तुम्हीं पारपत्र पाहिलें असेल तर त्यांत धारकास लेट न करतां जाऊं द्यावें अशी विनंति आढळेल. तेथें लेट म्हणजे तीच जुनी आडकाठी. एकाच शब्दाचे दोन परस्परविरोधी अर्थ! शब्दकोश उघडण्याचा कंटाळा करणाऱ्यास अशा ठिकाणीं हटकून ठेंच लागते.

मोल्सवर्थ ह्यांचा गौरव करतांना त्यांच्या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यांचे साह्यकारी शास्त्री ब्राह्मण होते, आणि म्हणून त्या समाजाच्या बोलीकडे कोशाचा कान अधिक लागला. आपल्या वसईच्या आसमंतांतील सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी वगैरे बोलींचा स्वतंत्र संग्रह त्यांत नाहीं. पोर्तुगीजांचा अंमल येथें १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक होता. चावी, पगार, पाव, बिजागरी, घमेलें हे त्यांच्या भाषेंतून आलेले शब्द साऱ्या महाराष्ट्रानें घेतले. पण आपल्या घरांतून, वाडींतून, लग्नाच्या गाण्यांतून व मासळीच्या बाजारांतून जे निराळे शब्द अजून ऐकूं येतात त्यांना कोशाच्या दारांतून आंत घेणारा मोल्सवर्थ भेटला नाहीं. पानवेलीच्या व केळीच्या बागा कमी होत चालल्या आहेत. विहिरीवरचे रहाट दिसेनासे झाले आहेत. वस्तु गेली म्हणजे तिच्या अंगाप्रत्यंगाचीं नांवेंही तिच्या मागोमाग जातात, आणि तीं गेलीं हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

मोल्सवर्थ १८७१ सालीं इंग्लंडांत वारले. ग्रंथ मात्र जिवंत राहिला. यमुनापर्यटन ह्या कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी ह्यांनीं विद्यार्थ्यांसाठीं त्याचा संक्षेप करून १८६३ सालीं छापला. १९७५ सालीं पुण्यास मूळ ग्रंथाचें पुनर्मुद्रण झालें, आणि आतां तर शिकागो विद्यापीठानें तो संपूर्ण कोश संगणकावर कोणासही पाहतां येईल असा ठेविला आहे. पेशवाईंतील एखादें पत्र वाचतांना शब्द अडला म्हणजे आजचा संशोधकही प्रथम मोल्सवर्थच उघडतो. कारण जे अर्थ आपल्या भाषेनें मागें टाकले ते तेथें जसेच्या तसे आहेत.

त्यांच्या चरित्रापासून घेण्याजोग्या गोष्टी तुम्हीं स्वतः निवडून घ्याव्या. आम्ही एकच काम सुचवितों, आणि त्यास खर्च एका वहीचा. येत्या सुट्टींत आपल्या आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसावें, आणि त्यांच्या बोलण्यांतला जो शब्द शाळेच्या पुस्तकांत नाहीं तो लिहून घ्यावा. शब्दापुढें अर्थ, अर्थापुढें त्यांनीं बोलून दाखविलेलें वाक्य, आणि खालीं गांवाचें नांव व तारीख. शब्द गांवंढळ आहे म्हणून गाळूं नये, अर्थ गोड दिसावा म्हणून बदलूं नये. परदेशांतून आलेल्या एका माणसानें आपल्या भाषेसाठीं आरोग्य वेंचलें व दुसऱ्यांदा समुद्र ओलांडला. आपणांस तर ओटीवरून स्वयंपाकघरापर्यंतच जावयाचें आहे. पण तें लवकर जावें हें बरें, कारण तेथें बसलेल्यांचीं वयें झालीं आहेत.